दोराचे टोक आणि रक्ताचा दाब

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मिरकरवाड्याहून एका चाचींचा फोन आला. "पोराने कुवेतहून मोबाइलवर काहीतरी पाठवलंय. रक्ताची तपासणी आहे म्हणे, दिलाचं खरं वय सांगते. दहा हजारांच्या घरात खर्च आहे. पैसे तोच भरतोय, पण करायची की नाही ते तुम्ही येऊन सांगा." आम्ही डॉक्टर नाही, हे चाचींना ठाऊक आहे. पण घरात कुठलाही कागद आला, मग तो सातबारा असो की दवाखान्याचा रिपोर्ट, तो आमच्यापुढे वाचायला ठेवायचा ही या घराची जुनी रीत. तपासणीचे नाव विचारले, तेव्हा त्यांनी एकेक अक्षर जुळवत सांगितले : टेलोमिअर.

रत्नागिरीचा मिरकरवाडा या दिवसांत एरवीपेक्षा निराळा असतो. १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारी बंदी. नौका एकमेकींना खेटून उभ्या, लिलावाची आरडाओरड नाही, बर्फाच्या गाड्या नाहीत. पडवीत, ताडपत्रीखाली, जिथे कोरडी जागा मिळेल तिथे जाळी पसरलेली आणि पुरुष मांडी घालून ती शिवत बसलेले. वर्षातले हे दोनच महिने असे, की दर्यावर जाणारी माणसे रोजच्या रोज घरी सापडतात.

चाचा तांडेल आहेत. वय अठ्ठावन्न. गेल्या मोसमात त्यांचा धाकटा भाऊ त्यांच्याच नौकेवर गेला. रात्री जाळे ओढून झाल्यावर छातीत जळजळतेय म्हणाला. पित्त असेल म्हणून सोडा प्यायला आणि केबिनमध्ये आडवा झाला. घाम थांबेना तेव्हा चाचांनी नौका फिरवली. जेटी गाठायला चार तास लागले. रुग्णवाहिका जेटीवर येऊन उभी होती, पण तिचा उपयोग राहिला नव्हता. भाऊ एकावन्न वर्षांचा होता. त्याला ब्लडप्रेशर आहे हे दोन वर्षांपूर्वी एका शिबिरात कळले होते. गोळ्या मिळाल्या होत्या, त्या महिनाभर घेतल्याही होत्या. पुढे बरे वाटतेय म्हणून बंद केल्या.

तेव्हापासून कुवेतच्या पोराची झोप उडालेली आहे. अब्बांनाही ब्लडप्रेशर आहे आणि अब्बाही त्याच नौकेवर जातात. त्यामुळे ती जाहिरात पाहून त्याला हायसे वाटले असेल तर नवल नाही. थोडे रक्त द्यायचे आणि पेशींचे वय किती, हृदयाला धोका किती, ते छापील कागदावर हातात यायचे. आम्ही जाहिरात वाचली. तिच्यात जे लिहिले होते त्यातले बरेचसे खोटे नव्हते. अडचण तीच होती.

टेलोमिअर म्हणजे काय, हे चाचांना सांगायला आम्हाला फार खटपट करावी लागली नाही. त्यांच्या मांडीवर नायलॉनचा दोर होता. दोर कापला की त्याचे टोक उसवते, म्हणून ते लाइटरने वितळवून घट्ट करतात किंवा त्यावर सुतळी आवळतात. आपल्या शरीरातल्या प्रत्येक पेशीत बारीक दोर असतात, त्यांना गुणसूत्रे म्हणतात. त्या दोरांवर शरीराची सगळी कृती लिहिलेली असते. त्यांच्या टोकांनाही असेच बंद असतात, ते टेलोमिअर. माणसात हा बंद सहा अक्षरांच्या एकाच तुकड्याचा असतो, तोच तुकडा हजारो वेळा एकापुढे एक. त्यात कसलीही कृती लिहिलेली नसते. आतला मजकूर उसवू नये एवढेच त्याचे काम.

पेशी दुभंगून एकीच्या दोन होतात तेव्हा या दोराची नक्कल करावी लागते, आणि नक्कल करणारी यंत्रणा अगदी शेवटच्या टोकापर्यंत पोहोचू शकत नाही. म्हणून दर खेपेला टोक थोडे आखूड होते. जन्माच्या वेळी रक्ताच्या पांढऱ्या पेशींत हे टोक साधारण दहा हजार अक्षरांचे असते, मोठेपणी ते दरसाल वीस ते चाळीस अक्षरांनी झिजते. फारच आखूड झाले की पेशी दुभंगणे थांबवते. मरत नाही, पण म्हातारी होऊन बसते आणि आजूबाजूला सूज वाढवणारी द्रव्ये सोडत राहते. पेशी ठरावीक वेळाच दुभंगतात हे लिओनार्ड हेफ्लिक यांनी १९६१ साली दाखवले होते. टोकांचे कोडे उलगडले एलिझाबेथ ब्लॅकबर्न, कॅरल ग्रायडर आणि जॅक शॉस्टॅक यांनी. त्यासाठी त्यांना २००९ चे नोबेल मिळाले. ब्लॅकबर्नबाईंनी हे काम सुरू केले ते डबक्यातल्या पाण्यात राहणाऱ्या एका एकपेशीय जिवावर. झिजलेले टोक पुन्हा वाढवणारे द्रव्य त्याच जिवात सापडले. ग्रायडर तेव्हा विद्यार्थिनी होत्या, आणि त्या द्रव्याची पहिली खूण त्यांना १९८४ च्या नाताळच्या दिवशी प्रयोगशाळेत दिसली.

"म्हणजे टोक जळलं की दोर गेला," चाचा म्हणाले. जवळजवळ बरोबर.

आता हृदयाचे. २००३ साली अमेरिकेत साठ वर्षांवरच्या १४३ जणांचे जुने रक्तनमुने तपासले गेले. ज्यांची टोके आखूड होती त्यांच्यात हृदयविकाराने मरण्याचे प्रमाण तिपटीहून अधिक निघाले. हा अभ्यास लहान होता. पुढे ब्रिटनमध्ये निलेश समानी या भारतीय वंशाच्या हृदयतज्ज्ञांच्या गटाने स्कॉटलंडमधल्या मध्यमवयीन पुरुषांच्या रक्तावर मोठे काम केले. २००७ साली आलेल्या त्यांच्या निष्कर्षातही आखूड टोके आणि हृदयविकार सोबत दिसले, फक्त धोका तिप्पट नाही तर दीडपटीच्या आसपास भरला. २०१४ मध्ये २४ अभ्यासांतल्या ४३,७२५ लोकांची माहिती एकत्र केली गेली, तिथेही आकडा दीडपटीच्याच जवळ आला. अभ्यास जसजसे मोठे होत गेले तसतसा तिप्पट धोका दीडपटीवर उतरला, हे जाहिरातीत नव्हते. तिथे तिप्पटच होते.

उच्च रक्तदाबाशी या टोकांचे नाते आहे, आणि ते समजण्यासारखे आहे. रक्तवाहिनीच्या आतल्या बाजूला पेशींचे नाजूक अस्तर असते. दाब वाढला की ते अस्तर घासले जाते, खरवडले जाते. शरीर त्याची डागडुजी करते, म्हणजे शेजारच्या पेशी दुभंगून जागा भरतात. जितकी डागडुजी जास्त तितकी टोके लवकर झिजतात. पुढे म्हाताऱ्या पेशी साचतात, वाहिनीचा लवचिकपणा जातो आणि ताठ वाहिनीत दाब आणखी वाढतो. फ्रान्समधल्या एका अभ्यासात ब्लडप्रेशरचे उपचार घेणाऱ्या पुरुषांच्या मानेतल्या रक्तवाहिन्या तपासल्या होत्या. ज्यांच्या वाहिन्यांत चरबीचे थर साचले होते, त्यांची टोके इतरांपेक्षा आखूड निघाली. सर्वांनाच ब्लडप्रेशर, तरी टोके वेगळी. इथपर्यंत वाचले की कुणालाही वाटेल, चला, तपासून घेऊ.

पण अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम या गावाने इथे पाचर मारून ठेवली आहे. १९४८ पासून त्या गावातल्या लोकांच्या हृदयावर पिढ्यान्‌पिढ्या लक्ष ठेवले जात आहे. हृदयविकाराविषयी आज जे सर्वांना ठाऊक आहे त्यातले पुष्कळसे तिथून आले. ब्लडप्रेशर बरीच वर्षे वाढलेले राहिले की हृदयाचा डावा कप्पा जास्त जोर लावून लावून जाड होतो, आणि जाड झालेले हृदय पुढे थकते. मग आखूड टोकांच्या माणसांचे हृदय जास्त जाड असायला हवे की नको? रामचंद्रन वासन आणि सहकाऱ्यांनी २००९ साली पाहिले तर उलटेच निघाले. लांब टोके असणाऱ्यांचे हृदय जाड, आणि हा संबंध ब्लडप्रेशर असणाऱ्यांत अधिक ठळक. म्हणजे एकाच माणसाच्या बाबतीत लांब टोक रक्तवाहिनीसाठी चांगली खूण आणि हृदयाच्या भिंतीसाठी बहुधा वाईट. शिवाय फार लांब टोके असणाऱ्यांत काही प्रकारच्या कर्करोगांचे प्रमाण थोडे अधिक असते, हेही पुढे दिसले आहे.

यात आणखी भर अशी, की टोकाची लांबी बरीचशी आई-बापांकडून येते. वय झालेल्या बापाच्या मुलांची टोके सहसा थोडी लांब असतात. आमच्या आजोबांना हे कळते तर त्यांनी उशिरा लग्न केल्याबद्दल छाती फुगवली असती. एकाच वयाच्या दोन निरोगी माणसांत हजारो अक्षरांचा फरक असू शकतो. एका प्रयोगशाळेचा आकडा दुसरीशी जुळेलच असे नाही. अशा तपासणीतून हजारो लोकांबद्दल काहीतरी शिकता येते. एका तांडेलाला उद्या काय करायचे ते तिच्यातून सांगता येत नाही. समजा, चाचांची टोके आखूड निघाली, तर डॉक्टर काय सांगतील? ब्लडप्रेशर आवरा, तंबाखू सोडा, मीठ कमी करा. आणि लांब निघाली तर? तेच. काळजी एवढीच, की लांब निघाली तर चाचा उरलेल्या गोळ्याही टाकून देतील.

उरलेल्या गोळ्या हा आमच्या त्या दुपारचा खरा विषय ठरला. चाचींनी फळीवरचा बिस्किटांचा डबा काढून उघडला. त्यात अकरा पाकिटे होती. काहींतल्या चार गोळ्या संपलेल्या, काहींतल्या सात, दोन पाकिटे तर उघडलेलीही नव्हती. तारखा पाहिल्या तर जवळजवळ वर्षभराचा साठा. "डोकं जड वाटलं की घेतो," चाचा म्हणाले. आम्ही शेजारच्या घरातले दाब मोजायचे यंत्र मागवले. चाचांना पाच मिनिटे भिंतीला टेकून शांत बसवले, पाय जमिनीवर, हात उशीवर छातीच्या उंचीला. चहा आधीच मागे ठेवला होता, कारण चहा किंवा तंबाखूनंतर अर्धा तास तरी मोजू नये. आकडा आला १६८ आणि १०२. दुसऱ्यांदा मोजला तर १६४ आणि १००. डोके जड वाटतेय का, असे विचारले. "बिलकूल नाही."

ब्लडप्रेशरचा दगा हाच आहे. दुखत नाही, खुपत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या पंधरा वर्षांवरच्या दर शंभर पुरुषांमागे २४ आणि दर शंभर स्त्रियांमागे २१ जणांचा दाब वाढलेला होता किंवा त्यासाठी ते गोळी घेत होते. डोके दुखल्यावरच गोळी घ्यायची असे ठरवले, तर यातले बहुतेक जण कधीच गोळी घेणार नाहीत.

पण चाचा आळशी किंवा बेफिकीर आहेत असे कुणी समजू नये. गोळी सुटण्याची त्यांची कारणे आम्ही एकेक विचारून घेतली, आणि ती सगळी खरी होती. एका गोळीने घोटे सुजले, बूट चढेनात. हे त्या गोळीचे माहीत असलेले लक्षण आहे, डॉक्टर दुसरी देऊ शकतात, पण चाचांनी डॉक्टरांना सांगितलेच नाही, नुसती बंद केली. दुसरीने लघवीला सारखे जावे लागे. जाळे ओढायच्या वेळी नौकेवर ते कसे जमणार? खेप निघते मध्यरात्री, परत केव्हा येणार ते दर्या ठरवतो, मग "सकाळी नाश्त्यानंतर एक" हे लिहिलेले कुणासाठी? शेवटचे कारण त्यांनी हळू आवाजात सांगितले. गोळी एकदा सुरू झाली की जन्मभराची गुलामी, त्यापेक्षा हकीमसाहेबांची जडीबुटी बरी.

जडीबुटीचा विषय निघालाच, तर ती हकीकत सांगायला हवी, कारण ती आपल्या मुंबईपर्यंत येते. सर्पगंधा ही वनस्पती वैद्य आणि हकीम फार जुन्या काळापासून वापरत आले. दिल्लीच्या हकीम अजमल खान यांना वाटे की या मुळीत काय आहे ते आधुनिक रसायनशास्त्राने शोधावे. त्यांनी हेरलेले तरुण रसायनशास्त्रज्ञ सलीमुज्जमान सिद्दीकी यांनी १९३१ साली या मुळीतून द्रव्ये वेगळी केली आणि एकाचे नाव हकीमसाहेबांच्या स्मरणार्थ अजमलीन ठेवले. हृदयाच्या ठोक्यांचे काही दोष ओळखायला अजमलीन आजही वापरले जाते. पुढे मुंबईच्या केईएम रुग्णालयातले डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ब्लडप्रेशरच्या रुग्णांना सर्पगंधा देऊन पाहिली आणि दर वेळी दाब मोजून नोंदी ठेवल्या. १९४९ साली त्या नोंदी ब्रिटनच्या हृदयरोगविषयक नियतकालिकात छापून आल्या आणि जगभरच्या डॉक्टरांचे लक्ष या मुळीकडे गेले. १९५७ साली वकीलांना अमेरिकेतला लास्कर पुरस्कार मिळाला.

चाचांना आम्ही यातली एकच गोष्ट पुन्हा सांगितली. हकीमसाहेबांच्या मुळीला जगाने मानले ते पट्टा बांधून दाब मोजल्यावर. आणि आज ती मुळी कुणी मनाने घेऊ नये. तिच्यातल्या दाब उतरवणाऱ्या द्रव्याने मनावर उदासी येऊ शकते, दुसऱ्या गोळ्यांबरोबर ती चालेलच असे नाही, आणि तिच्यापेक्षा सौम्य औषधे आता सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात.

ती औषधे करतात काय, याचा हिशेब टेलोमिअरच्या हिशेबापेक्षा कितीतरी पक्का आहे. २०१६ मध्ये १२३ चाचण्यांतल्या सहा लाखांहून अधिक लोकांची माहिती एकत्र तपासली गेली. वरचा दाब फक्त १० ने उतरला तर हृदयविकार-पक्षाघातासारख्या मोठ्या दुखण्यांचे प्रमाण २० टक्क्यांनी, हृदय थकण्याचे २८ टक्क्यांनी आणि एकूण मृत्यूंचे १३ टक्क्यांनी घटते. आणि हे फार महागड्या औषधांनी नव्हे. पलीकडे सिंधुदुर्गात २०१७ च्या अखेरीस सुरू झालेल्या राष्ट्रीय ब्लडप्रेशर नियंत्रण उपक्रमाने तेच दाखवले. महाराष्ट्रात तो पहिल्यांदा सिंधुदुर्ग, सातारा, भंडारा आणि वर्धा या चार जिल्ह्यांत आला. औषधांचा एकच ठरलेला क्रम, महिन्याच्या गोळ्या एकदम हातात, नोंद ठेवणारी परिचारिका, आणि न आलेल्या माणसाला फोन. एवढेच. त्यात चकचकीत काही नव्हते. २०२२ साली या उपक्रमाला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला, तेव्हा त्यात उपचार घेणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्यांचा दाब आटोक्यात होता. निम्मेच, असे कुणी म्हणेल. ज्यांनी बिस्किटांचा डबा पाहिला आहे ते म्हणणार नाहीत.

गोळीच्या वेळेचा प्रश्नही चाचांना वाटला तितका अवघड नव्हता. ब्रिटनमध्ये एकवीस हजारांहून अधिक लोकांवर पाहिले गेले, की गोळी सकाळी घेतली काय आणि रात्री घेतली काय, हृदयाच्या दृष्टीने फरक पडत नाही. २०२२ साली हा निकाल आला. रोज एकाच वेळी घ्यावी, चुकवू नये, इतकेच. नौकेवर इशाची नमाज चुकत नाही असे चाचा म्हणाले, मग गोळी इशानंतर. रमजानमध्ये हाच प्रश्न घरोघरी येतो आणि आपल्याकडे पुष्कळ माणसे महिनाभर गोळी बंद ठेवून रोजे धरतात. दिवसातून एकदाच घ्यायची गोळी इफ्तारनंतर किंवा सेहरीला घेता येते. लघवी वाढवणारी असेल तर ती बहुधा इफ्तारनंतर घ्यायला सांगतात, म्हणजे दिवसभर पाण्याची तूट पडत नाही. दिवसातून दोन-तीनदा घ्यायच्या गोळ्या डॉक्टर बदलून देऊ शकतात. यासाठी रमजानच्या पंधरा दिवस आधी दवाखान्यात जायचे, चाँदरातीला नाही. ज्याची तब्येत खरोखर झेपणारी नाही त्याला मिळालेली सवलत आपल्या सर्वांना पाठ असते, फक्त ती नेहमी शेजाऱ्यासाठी आठवते.

मग आम्ही स्वयंपाकघरात गेलो, आणि तिथे चाचींशी थोडे वाजले. पावसाळ्यात ताजी मासळी कमी, म्हणून ताटात सुके बोंबील, जवळा, खारवलेला बांगडा. सोबत पापड आणि लोणचे. जागतिक आरोग्य संघटना माणशी दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे सपाट एक चमचा, आणि त्यात सगळे आले, खाऱ्या मासळीतलेसुद्धा. चाचींनी सैंधव वापरते असे सांगितले. सैंधवही मीठच, त्यातही सोडियमच. ज्यात सोडियम कमी आणि पोटॅशियम जास्त असते ते मीठ वेगळे मिळते. चीनमध्ये सहाशे खेड्यांत एकवीस हजार लोकांवर ते वापरून पाहिले, तर पक्षाघात १४ टक्क्यांनी घटला. पण मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्याने किंवा काही ठरावीक गोळ्या घेणाऱ्याने ते विचारल्याशिवाय वापरू नये, त्याने उलट अपाय होतो. खारा बांगडा सोडा, असे आम्ही म्हणालो नाही. ज्या घराने पिढ्यान्‌पिढ्या तो वाळवून विकला, त्याला ते सांगायला तोंड हवे. रात्रभर पाण्यात ठेवून दोनदा पाणी बदलायचे, कालवणात वरून मीठ घालायचे नाही आणि आठवड्यातून एकदाच करायचा, यावर तडजोड झाली.

मजा अशी, की टोकांच्या संशोधनात मिरकरवाड्याच्या बाजूने बोलणारी एक गोष्ट सापडते. २०१० साली सॅन फ्रान्सिस्कोमध्ये हृदयविकार असलेल्या ६०८ जणांची टोके पाच वर्षांच्या अंतराने दोनदा मोजली. ज्यांच्या रक्तात तेलकट समुद्री मासळीत असते ते ओमेगा-३ स्निग्ध द्रव्य जास्त होते, त्यांची टोके सावकाश झिजली. तारली आणि बांगडा हे त्याच जातीचे मासे, आणि ते याच जेटीवर उतरतात. मासे खाल्ल्यानेच टोके टिकली असे या अभ्यासाने सिद्ध होत नाही. पण ऑगस्टात पहिली तारली येईल तेव्हा ती सुकवण्याआधी घरच्या कालवणात पडावी, इतके म्हणायला हरकत नाही.

चाचींचा स्वतःचा दाब कुणी मोजला नव्हता. त्यांना विचारले तर म्हणाल्या, "मला काय झालंय?" मोजला, १४८ आणि ९२. मशेरी दिवसातून तीन-चारदा लावतात. ती दात घासायला असते, तंबाखू नव्हे, असा कोकणातल्या बायकांचा समज आहे. ती भाजलेली तंबाखूच आहे आणि तिचे निकोटिन रक्तात जाऊन तेच करते. पण मशेरीबद्दल बोलताना आम्हाला आणखी एक जुना अभ्यास आठवला. २००४ साली एलिसा एपेल आणि ब्लॅकबर्न यांनी ५८ आयांची टोके मोजली होती. त्यांतल्या बऱ्याच जणी दीर्घ आजारी मुलांची शुश्रूषा करणाऱ्या. ज्यांना सर्वांत जास्त ताण जाणवत होता त्यांची टोके सर्वांत कमी ताण असणाऱ्यांच्या तुलनेत निदान दहा वर्षे म्हाताऱ्या बाईसारखी निघाली. वारा फिरला की रात्रभर जागणारी, दीर गेल्यापासून नवरा दर्यावर असताना फोन उशाशी घेऊन निजणारी बाई या हिशेबात कुठे बसते, ते आम्ही मोजायला गेलो नाही. एका शिबिरात पुरुषांच्या रांगेला चहा देत या उभ्या होत्या, एवढे त्यांनी सांगितले. त्यांच्या हाताला पट्टा कुणी बांधला नाही.

संध्याकाळी कुवेतला फोन लावला. पोराला वाटले आपण काहीतरी चुकीचे पाठवले. तसे नव्हते. त्याला जे हवे होते, अब्बा सुखरूप आहेत की नाही हे रोज कळणे, ते त्या कागदावरून कळणार नव्हते. आम्ही म्हणालो, याच पैशांतून एक दाब मोजायचे यंत्र घे, दंडाला बांधायचे, मनगटाचे नको. उरलेले अब्बांच्या सोनोग्राफीला ठेव, म्हणजे हृदयाच्या इकोला. भिंत जाड झाली आहे की नाही ते इको थेट दाखवतो, टोकांवरून अंदाज करायची गरज नाही. त्याने यंत्र त्याच रात्री मागवले. चाचांना दुसऱ्या दिवशी चाची जिल्हा रुग्णालयात घेऊन गेल्या, तेव्हा डब्यातली अकरा पाकिटेही पिशवीत होती.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही पुन्हा गेलो. चौरेघी वहीत दोघांचे आकडे लिहिलेले होते. चाचा आता १३८ आणि ८६ वर, घोटे सुजवणारी गोळी बदललेली. इकोत डावी भिंत थोडी जाड निघाली आहे. डॉक्टर म्हणाले, दाब आवरला तर ती उतरूही शकते. चाची अजून १४२ वर, मशेरी तीनची एक झाली आहे. नौकेवर माचिस आणि कागदपत्रे ठेवायचा घट्ट झाकणाचा डबा असतो, त्यात दोन महिन्यांच्या गोळ्या गेल्या. छातीत दाबल्यासारखे झाले, घाम आला, जबडा किंवा हात भरून आला तर सोडा पीत बसायचे नाही, नौका फिरवायची आणि रेंज मिळताच १०८ ला कळवायचे, हे चाचांनी खलाशांना स्वतः सांगितले. भावाचे नाव मात्र त्यांनी घेतले नाही.

आम्ही निघालो तेव्हा पडवीत यंत्र पुन्हा बाहेर आले होते. खेपेला जाणारे खलाशी ओळीने बसले होते आणि चाची पट्टा बांधत होत्या. त्यांतला एक नेपाळचा पोरगा, सव्वीस वर्षांचा, दिवसाला तंबाखूच्या चार पुड्या. त्याचा आकडा १५२ आला. तो हसला, म्हणाला यंत्र बिघडलंय. चाचींनी त्याला पाच मिनिटे गप्प बसवून पुन्हा मोजला, १५०. उद्या सकाळी तंबाखू न खाता यायला त्याला सांगितले आहे.